शंभरपर्यंत येतं, पण पाच वाट्या आणता येत नाहीत

पत्र

मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. 'वन टू हंड्रेड' घडाघडा म्हणते, मराठीत वीसपर्यंत. पाहुणे आले की तिचे बाबा तिला म्हणायला लावतात. परवा पानं घेताना मी तिला म्हटलं, "पाच वाट्या आण गं." तिनं हातात मावल्या तेवढ्या आणल्या, आठ होत्या. "मोज बघू," म्हटल्यावर भराभर तेरापर्यंत गेली! आता ह्यांनी १,८०० रुपयांचा एक 'एज्युकेशनल' काउंटिंग गेम बघून ठेवलाय. बटण दाबलं की आकडे बोलतो, गाणं म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, "कवड्या, चिंचोकं हायत की घरात, कशाला पैसं घालवालायस?" लुडो आणून बघितला, तर हरायला लागली की पट उधळते. सोंगटी पुढे नेताना ज्या घरात उभी असते तेच 'एक' धरते, सांगून ऐकत नाही. शाळेतून ५० पर्यंत लिहून आणायला सांगतात. धाकटा दीड वर्षाचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. नेमका कुठला खेळ घ्यावा? आणि असल्या खेळांनी खरंच काही येतं का, की नुसता टाइमपास?

— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर

ताई, आधी वाट्यांचं बोलू, खेळाचं मग.

तुमच्या लेकीचं काही बिघडलेलं नाही. तिला उजळणी पाठ आहे, आणि या वयात उजळणी म्हणजे एक लांबलचक गाणं असतं. आपल्याला नाही का आरत्या पाठ असतात? मधल्याच एका ओळीचा अर्थ कुणी विचारला तर आपण जोरात टाळ वाजवायला लागतो. तिचं 'वन टू हंड्रेड' तसंच आहे. एका शब्दामागून दुसरा शब्द न अडखळता येतो, पण 'पाच' या शब्दात पाच वाट्या अजून शिरलेल्या नाहीत.

मोजणं आपल्याला एकच काम वाटतं, कारण आपण ते कधी शिकलो हेच विसरलोय. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्याची नीट फोड करून दाखवली. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या स्वयंपाकघरातच घडल्या. शब्द ठरलेल्या क्रमानं यावे लागतात. ते तिला येतं. एका वाटीला एकच शब्द द्यावा लागतो. तिथं तिचं तोंड हाताच्या पुढे पळालं, म्हणून आठाच्या तेरा झाल्या. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. शेवटी उच्चारलेला आकडा हे शेवटच्या वाटीचं नाव नसतं, तो सगळ्या वाट्यांचा मिळून असतो. ही तिसरी गोष्ट तिला अजून उमगायची आहे. साडेतीन ते साडेचारच्या आसपास बऱ्याच मुलांना ती उमगते, काहींना थोडी उशिरा.

आज संध्याकाळी एक करून बघा. चमच्यांचा ढीग समोर ठेवा आणि म्हणा, "मला एक चमचा दे." मग दोन मागा, मग तीन, मग चार. 'मोजून दाखव' म्हणू नका, नुसतं 'दे' म्हणा. मोजायला सांगितलं की गाणं सुरू होतं, द्यायला सांगितलं की खरं काय कळलंय ते दिसतं. बालमानसशास्त्रात ही चाचणी कॅरन विन यांच्या १९९० च्या आसपासच्या कामामुळे रूढ झाली. त्यात दिसलेली गंमत म्हणजे मूल आधी फक्त 'एक' नीट देतं, बाकी काहीही मागा, मूठभर देतं. काही महिन्यांनी 'दोन' जमतं, आणखी काही महिन्यांनी 'तीन'. आणि तिथून पुढे एकदम कुलूप उघडल्यासारखं होतं, पाच मागा, सात मागा, मोजून देतं. तुमची लेक कुठल्या पायरीवर आहे ते चमच्यांवरून कळेल. तीनपर्यंत नीट देत असेल तर ती दारातच उभी आहे.

मी एकोणतीस वर्षं बालवाडीत काढली. पहिल्याच वर्षी वरच्या बाई वर्ग बघायला येणार म्हणून मी पोरांकडून पन्नासपर्यंत घोकून घेतलं. पोरांनी खिडक्या हादरतील असं म्हणून दाखवलं. बाई खूश, मी खूश. मग खाऊ वाटायची वेळ आली. सगळ्यांत मोठा आवाज ज्याचा होता त्यालाच मी म्हटलं, "प्रत्येकाला दोन-दोन बिस्किटं दे." त्यानं पहिल्याला चार दिली, दुसऱ्याला एक, आणि तिसऱ्याला विचारलं, "तुला किती पायजेत?" वरच्या बाई तोवर गेल्या होत्या, एवढंच माझं नशीब.

आता पटाकडे येते. पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर काय करतो? सकाळी चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. कुणी "४१ झाली" म्हणालं की आपण बेरीज-वजाबाकी करत बसत नाही. इशारा मागे पडला, धोका दोन फुटांवर आला, हे डोळ्यांसमोर दिसतं आणि नदीकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. आपल्या डोक्यात आकडे एका पट्टीवर उभे असतात, कोण कुणाच्या वर, कोण किती लांब, सगळं जागच्या जागी. सव्वाचार वर्षांच्या मुलाकडे ही पट्टी नसते. त्याला 'आठ' आणि 'तीन' ही नावं ठाऊक असतात. आठ लांब आहे आणि तीन जवळ, हे ठाऊक नसतं. चांगला मोजणीचा खेळ ही पट्टी तयार करून देतो. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, येतं. पण कुठल्याही खेळानं नाही, आणि कसंही खेळून नाही.

याची एक फार साधी पण पक्की तपासणी झालेली आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकारी गीता रमाणी यांनी गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक खेळ दिला. एका सरळ ओळीत दहा घरं, त्यात १ ते १० आकडे, आणि एक चकती, जिच्यावर फक्त १ किंवा २ येणार. बस्स. दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं. म्हणजे सगळा मिळून एक तास. त्या तासाभरानं मुलं मोजण्यात, आकडे ओळखण्यात, दोन आकड्यांतला मोठा कुठला हे सांगण्यात आणि रेषेवर आकड्याची जागा दाखवण्यात पुढे गेली, आणि नऊ आठवड्यांनी पुन्हा बघितलं तरी ते टिकलेलं होतं. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वेळी दुसऱ्या मुलांना तसाच पट दिला होता, फक्त आकड्यांऐवजी घरांना रंग होते. त्यांची प्रगती झाली नाही. पुढे गोल पटही करून बघितला. सरळ पटाइतका उपयोग त्याचा झाला नाही.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सरळ पटावर ८ वर पोचायचं तर हात ४ च्या दुप्पट लांब जातो, सोंगटी दुप्पट वेळा उचलली जाते, तोंडातून दुप्पट शब्द निघतात, वेळही दुप्पट लागतो. डोळा, हात, कान सगळे एकच गोष्ट सांगत असतात. म्हणून घरं एकसारख्या मापाची हवीत आणि ओळ सरळ हवी. बाजारातल्या पटांवर ही ओळ हमखास नागासारखी वळवळत जाते, कारण तशी ती खोक्यावर छान दिसते.

तर खेळ विकत घेऊ नका, काढा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो. आडवी पट्टी कापा, डावीकडून उजवीकडे दहा चौकोन पट्टीनं मापून आखा. प्रत्येकात ठसठशीत आकडा, आणि खाली तेवढेच ठिपके. डाव्या टोकाला, पहिल्या चौकोनाच्या बाहेर, तुमचं घर काढा. उजव्या टोकाला, दहाव्यात, रंकाळा. मधे तिला हवं ते काढू दे, बागल चौक, बिंदू चौक, अंबाबाईचं देऊळ, भेळेची गाडी. भूगोल चुकला तर चुकू दे, आकड्यांचा क्रम चुकायला नको. तिनं स्वतः काढलेला पट ती उधळणार नाही असं मी म्हणत नाही, पण उधळल्यावर उचलून तरी ठेवेल.

सोंगट्या म्हणून मोठी बटणं किंवा बाहुल्या. फासा आत्ता नको. सहाचं दान पडलं की सहा ठिपके मोजायचे, मग सहा घरं चालायची, एवढ्यात मूल दमतं, आणि दहा घरांचा पट दोन दानांत संपतो. त्याऐवजी मोठ्या बरणीची दोन झाकणं घ्या. दोन्ही वर उडवायची. जितकी उताणी पडतील तितकं दान. दोन, एक, किंवा दोन्ही पालथी पडली तर शून्य. शून्याचं दान मला फार आवडतं. 'काहीच नाही' हाही एक आकडा आहे, हे पाटीवर गोल काढून कळत नाही. दान पडलं आणि सोंगटी हललीच नाही, तेव्हा कळतं.

झाकणंच का, सासूबाईंच्या कवड्या-चिंचोके का नकोत? धाकट्यासाठी. चिंचोका मधोमध फोडून त्याची एक बाजू फरशीवर घासून पांढरी केली की त्याच्याइतका सुरेख फासा नाही, याबद्दल सासूबाईंच्या बाजूनं मी दोन्ही हात वर करते. पण माझ्याच वर्गातल्या एका पोरानं चिंचोका नाकात घातला होता, आणि तो काढायला आम्हाला दवाखाना गाठावा लागला. पोरगं वाटेत रिक्षात झोपून गेलं, रडत होते मी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास साधारण सव्वा इंचापेक्षा बारीक असं काही ठेवू नका, ना कवडी, ना मणी, ना खेळातला छोटा फासा. धाकटा झोपला की कवड्या काढा खुशाल.

आता खेळायचं कसं, कारण सगळी गोम इथंच आहे.

समजा लेकीची सोंगटी ४ वर आहे. झाकणं दोन्ही उताणी पडली. आपण मोठी माणसं सवयीनं सोंगटी टपटप नेतो आणि म्हणतो, "एक, दोन." हे करू नका. घरावर लिहिलेला आकडा म्हणायचा: "चारवर होतो... पाच, सहा." तुमच्या पाळीलाही तसंच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एलिडा लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये शंभर आकड्यांच्या पटावर नेमकं हेच तपासलं. जी मुलं प्रत्येक दानाला एकपासून मोजत होती त्यांना फार काही मिळालं नाही; जी आहे त्या आकड्यापासून पुढे मोजत होती त्यांना मिळालं. खेळ तोच, पट तोच. 'एक, दोन' म्हणताना मूल घरातले आकडे बघतच नाही, ते पायाखालचे दगड होतात.

आणि बघा, तुमची ती जुनी तक्रारही इथंच सुटते. उभं असलेलं घर 'एक' धरायची खोड जवळजवळ प्रत्येक मुलात असते. शब्द सुरू झाला की बोट टेकायला काहीतरी हवं असतं, आणि सोंगटी तर तिथंच असते. "अगं, हे घर नाही मोजायचं," असं सांगून उपयोग होत नाही, मी शेकडो वेळा सांगून बघितलंय. पण घरावर ४ लिहिलंय आणि आपण 'चार' असं म्हणूनच निघतोय, तर तिथं 'एक' म्हणायला जागाच राहत नाही. सुरुवातीला ती चुकेल. तिचा हात धरून नेऊ नका. "तू कुठं आहेस?" एवढंच विचारा. 'चार' म्हणाली की "मग पुढचं घर?" पंधरा दिवसांत तुम्हाला विचारावं लागणार नाही.

खेळता खेळता अधूनमधून एखादा प्रश्न सोडून द्या. "रंकाळा अजून किती घरं लांब?" "आपल्यापैकी पुढं कोण?" "आता कितीचं दान पडलं तर तू मला गाठशील?" दर पाळीला विचारलंत तर त्याची परीक्षा होईल आणि ती उठून जाईल. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, पुरे. दहा घरं सरावाची झाली की पुठ्ठ्याला दुसरी पट्टी चिकटवून वीसपर्यंत न्या. शंभराच्या पटाला अजून वर्ष आहे.

लुडोवर मी रागावलेली नाही, पण या कामाला तो नाही. घरांवर आकडे नाहीत, वाट फिरून पुन्हा तिथंच येते, आणि सहा पडेपर्यंत सोंगटी घरातून निघतच नाही. चार वर्षांच्या मुलाला सलग सात पाळ्या नुसतं बसवून ठेवलं तर ते पट उधळणारच. मी पण उधळला असता. पचिशीवरून इंग्रजांनी तो बेतला आणि १८९६ साली तिकडे त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बालवाडीतलं पोर नव्हतं. सापशिडीत आकडे आहेत, पण पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे, म्हणजे 'पुढे' कुठं हेच दर दहा घरांनी बदलतं. शिवाय शेवटाजवळचा तो मोठा साप. आपल्याकडचा जुना मोक्षपट, ज्याचं नातं परंपरेनं ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं, तो मुळात पाप-पुण्य शिकवायला होता. साप गिळतो तेव्हा रडू यावं हाच त्याचा हेतू असेल तर तो आजही सफल होतो. सहा वर्षांची झाली की द्या.

१,८०० रुपयांचं म्हणाल तर यजमानांना दुखवू नका. ते हौसेनं बघतायत, आणि हौस करणारा बाप फुकट मिळत नाही. त्यांना खोक्याचं चित्र न्याहाळायला सांगा: पट सरळ आहे का, घरांवर आकडे आहेत का, सोंगटी मुलानंच हलवायची आहे का. नसेल तर तो दिवाणखान्यात ठेवायचा शोभेचा खेळ. आकडा यंत्र बोलणार असेल तर मूल कशाला बोलेल? आणि आपल्याला हवंय ते तिच्या तोंडून. घेतलाच तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बंधनकारक झालेली आयएसआय खूण बघा, आणि बटणासारखा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद होतंय ना, तेही. दीड वर्षाच्या मुलानं तो सेल गिळला तर दुखणं जिवावर जातं.

सासूबाईंना मात्र जरूर सांगा की त्या एकट्या नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला जी बालवाडी उभी केली, ती बिया, शिंपले, खडे, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवरच. परदेशी साधनं परवडत नव्हती हे एक, आणि मुलाच्या ओळखीची वस्तू हातात असली की मूल लवकर बोलतं हे दुसरं.

हरण्याचं. तिला मुद्दाम जिंकवत राहू नका, मुलांना ते कळतं आणि मग जिंकण्यालाही चव राहत नाही. आपल्याकडे यासाठी फार शहाणी सोय होती, लिंबूटिंबू. धाकट्यानं खेळायचं सगळं, पण त्याच्यावर राज्य नाही. पटावर लिंबूटिंबू असं करा: काही दिवस तुम्ही दोघी एकाच सोंगटीनं खेळा, आळीपाळीनं झाकणं उडवा. दुसरी सोंगटी पावसाचा ढग. दोन्ही झाकणं पालथी पडली की ढग तीन घरं पुढे सरकतो. ढगाच्या आधी आपण रंकाळ्यावर पोचलो तर भेळ खायला मिळाली, नाहीतर भिजलो. बहुतेकदा पोचाल, कधीमधी भिजाल. भिजल्यावर "अरे देवा, पुन्हा घरी!" असं तुम्हीच आधी ओरडा. हरल्यावर पुन्हा डाव मांडायचा असतो हे तिला तुमच्याकडे बघून कळेल. महिन्याभरानं तीच म्हणेल, "मला माझी वेगळी सोंगटी पायजे." मग द्या. त्यातूनही रडीचा डाव खेळली तर पट शांतपणे गुंडाळा, भाषण देऊ नका, उद्या पुन्हा.

शाळेचं ५० पर्यंतचं लेखन... यावर मी लिहायला बसले तर पान पुरणार नाही. पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ साली आला, तीन ते आठ वयासाठी खेळातून शिकणं हाच त्याचा गाभा आहे, आणि तरी वह्या भरतायत. बाईंना भांडायला जाऊ नका. भेटून सांगा की आम्ही घरी दहापर्यंतचं पक्कं करतोय, तोवर रोज पाच आकडे लिहून आणेल, चालेल का? बऱ्याच बाई हो म्हणतात. त्यांच्यावरही वरून कुणीतरी असतं.

मराठीत म्हणावं की इंग्रजीत, हे तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. पटावर घरची भाषा. दहापर्यंत मराठीत काही अडचण नाही. वीसच्या पुढे मात्र आपली भाषा मुलांची परीक्षा बघते. २९ ला आपण 'एकोणतीस' म्हणतो, म्हणजे तोंडात तीस आणि लिहायचे दोन-नऊ. 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे शेवटी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं ना? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर सांगत राहिल्या की मुलांना दोन्ही पद्धती माहीत असाव्यात, पण लोकांना विनोद करण्यातच रस होता. इथून निपाणी ओलांडली की कानडीत २१ ला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, वीस आणि एक, सरळ. गडहिंग्लजकडच्या घरांत दोन्ही भाषा बोलणारी पोरं कानडीत आकडे पटकन लिहितात आणि मराठीत अडखळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा एकवीसला 'वीस आणि एक, एकवीस' असं दोन्ही म्हणत जा. पण ते वीसच्या पुढचं. आधी वाट्या.

आणि वाट्यांचं आजपासूनच सुरू करता येईल. 'पाच आण' म्हणू नका. पानं मांडलेली असू द्या आणि तिला म्हणा, "प्रत्येक पानाला एक वाटी ठेव." ठेवून झाल्यावर विचारा, "किती लागल्या?" पाहुणे आले तर तेच त्यांच्यासमोर करून दाखवा, उजळणीऐवजी.

ता. क. सासूबाईंना माझा एक प्रश्न विचाराल का? चल्लस आठ खेळताना आमच्या आजोळी चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार धरायचे आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. माझ्या सासरी याच्या बरोबर उलटं होतं, आणि त्यावरून लग्नानंतरच्या पहिल्याच नागपंचमीला माझं नणंदेशी वाजलं होतं. त्यांच्याकडे कसं धरतात?